दाव्यातल्या जागेतली माझी खोली

आधी माझ्या खोलीचं सांगते, कोर्टाचं नंतर. मला आठवतं ते ह्याच क्रमानं आठवतं, आणि खोलीचं राहून गेलं तर कोर्टाचं सांगण्यात मला काही रस नाही.

माझ्या खोलीला भिंती नव्हत्या. छप्पर नव्हतं, दार नव्हतं. होतं फक्त जोतं, म्हणजे गुडघाभर उंचीचा काळ्या दगडाचा चौथरा, वरून मुरूम टाकून चोपलेला, आणि त्याच्यावर बाबांनी चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या रेघा. ही पडवी, हे माजघर, इथं आईची चूल, आणि मागच्या कोपऱ्यात फणसाखाली येते ती माझी खोली. बाबा म्हणायचे, जोतं झालं म्हणजे निम्मं घर झालं, आता काय, वर चढवायचं फक्त.

तेव्हा मी दहावीत होते. आम्ही बिरवाडीत भाड्याच्या एका खोलीत राहायचो, आई, बाबा आणि मी. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जायचे. मी पाय लांब केले की सिलेंडरला लागायचे. बाबांची रात्रपाळी असली की दिवसभर ते झोपलेले आणि आम्ही दोघी कुजबुजत बोलायचो. मी अजून फोनवर इतकी हळू बोलते की मैत्रिणी विचारतात, कोणापासून लपून बोलतेस. तर अशा मुलीला आख्खी एक खोली मिळाली. भिंती नाहीत ह्याचं मला काय वाटणार होतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं पोलादपूर आणि तिथून जीपनं वर आमच्या वाडीत जायचो, जोत्यावर दिवस काढायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आईचा एक नियम होता, रेघ ओलांडून यायचं नाही, दारातून यायचं. दार म्हणजे चुन्याच्या रेघेत सोडलेली फट; माझ्या खोलीची फट फणसाच्या बाजूला, बुंध्यापासून चार पावलांवर. मी एकदा पाण्याची बाटली घ्यायला सरळ माजघरातून चुलीकडे गेले तर म्हणते, "भिंतीतनं काय येतेस, भुताटकी हाय का?" मग परत जाऊन फटीतून आले. बाबा तर माझ्या खोलीत यायच्या आधी रेघेपाशी थांबून खोकायचे. मोकळ्या आभाळाखाली, चारी बाजूंनी सगळं दिसतंय, आणि माणूस खोकतोय. मी म्हणायचे, "या." दहावीचं भूमितीचं आख्खं पुस्तक मी त्या खोलीत संपवलं. फणसाची पानं वहीत पडायची, पिवळी, जाड, ती मी खूण म्हणून ठेवायचे. परवा जुन्या वह्या काढल्या तर एक सापडलं, हातात घेतलं आणि चुरा झालं.

आता प्रश्न पडेल की बिरवाडीला कामाला असलेल्या माणसानं घर वाडीत कशाला बांधायचं. त्याचं कारण पालखी. आमच्या आजोबांनी मुंबईला जाताना वाडीतलं होतं ते घर भावाला देऊन टाकलं, तेव्हापासून आम्हाला वाडीत दार नाही. शिमग्याला गावदेवाची पालखी घरोघर जाते, दारात थांबते, घरातली बाई ओवाळते, ओटी भरते. आम्ही दर वर्षी जायचो आणि दुसऱ्याच्या ओटीवर उभं राहून आमचा नारळ द्यायचो. कोण काही बोलायचं नाही. पण पालखी नाचवणारे त्या घराचं नाव घ्यायचे, आमचं नाही. बाबांना एवढंच हवं होतं, एकदा पालखी आपल्या दारात. आई म्हणायची, एवढ्यासाठी घर बांधणारा माणूस मी पहिलाच बघितला.

जागा होती भावकीतल्या एका काकांची. गावठाणातली, रस्त्याला लागून, मागं फणस. त्यांचं जुनं घर कधीच पडलं होतं, दगड मात्र होते. काकांनी रस्त्याकडची मोठी बाजू बाबांना विकायचं ठरवलं. बाबा तसे सावध. त्यांनी विचारलं, "दादा, तुझ्या बहिणीचा दावा होता ना ह्या जागेवर? महाडच्या कोर्टात?"

काका म्हणाले, "होता. मिटला. तू नव्हतास काय शिमग्याला?"

बाबा होतेच. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला, त्यामुळे गावकीची बैठक शिमग्यालाच बसते, देवळात. त्या वर्षी काकांच्या बहिणीचा, म्हणजे माझी नात्यानं आत्याच, दासगावला दिलेली, तिचा विषय निघाला. आईबापाच्या जागेत निम्मी वाटणी मला द्या, असा तिनं दावा लावला होता. गावकी म्हणाली, घरचं भांडण कोर्टात कशाला. देवापुढं नारळ ठेवला. जो नारळ उचलेल त्याला निकाल मान्य, आणि निकाल असा की आत्यानं जागेवरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिची माहेरपणाची साडी कधी चुकवायची नाही. नारळ उचलला गेला. चहा झाला. सगळी वाडी म्हणाली, मिटलं.

आणि आमच्याकडे देवापुढं मिटलं म्हणजे मिटलं. बाबांनी पुढं काही विचारलंच नाही. घरपट्टीचा उतारा बघितला, पोलादपूरला जाऊन खरेदीखत केलं, फोटो काढले, अंगठे दिले. बाबा त्या दिवशी वडापाव घेऊन आले आणि कागदाची पिशवी देव्हाऱ्यात ठेवली. महाडच्या कोर्टात जाऊन कोणी सांगितलंय का की बाबांनो आमचं मिटलं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ना काकांच्या, ना बाबांच्या, ना मुंबईहून आलेल्या त्या शहाण्यांच्या.

ते सापडलं मला, आणि तेही टाइमपास करताना. अकरावीत होते. एका मैत्रिणीनं दाखवलं की कोर्टाच्या वेबसाईटवर माणसाचं नाव टाकलं की त्याची केस दिसते. आम्ही कॉलेजच्या पायरीवर बसून सगळ्यांची नावं टाकली. आम्हाला छळणाऱ्या सरांचं टाकलं, काही निघालं नाही, वाईट वाटलं. मग मी सहज काकांचं नाव टाकलं. आलं. दिवाणी दावा, वाटपाचा, स्थिती प्रलंबित, आणि खाली पुढची तारीख. तीन आठवड्यांवरची. मी परत टाकलं. परत तेच आलं.

घरी येऊन बाबांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "जुनं असेल. हे लोक काढत नाहीत वेळेवर."

"बाबा, पुढची तारीख आहे."

 बाबा फोन मला परत न देता खिशात घालून, तशीच गाडी पकडून वाडीत काकांकडे गेले, मीही मागं. काका त्यांच्या नव्या घराच्या अंगणात भाताची मळणी झालेला पेंढा रचत होते.

"दावा मिटला म्हणालास."

"मिटलाच हाय."

"मग हे काय?"

काकांनी फोनकडे बघितलं पण नाही. "देवळात मिटला रे. देवापेक्षा कोर्ट मोठं हाय काय?"

"तारखेला कोण जातं?"

"कोण कशाला जाईल? मिटल्यालं हाय."

मला अजून ते दृश्य दिसतं, पेंढ्याचा वास, आणि बाबा त्या माणसाकडे बघतायत ज्याच्यावर त्यांना धड रागावता पण येत नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. तो जे मानत होता तेच बाबाही मानत होते.

महाडला चवदार तळ्याकडून कोर्टाकडे जाताना वाटेत एका वकीलबाईंचं ऑफिस होतं, बाबांच्या कंपनीतल्या कोणीतरी सांगितलेलं. मीही कॉलेज बुडवून आईबाबांबरोबर गेले, कारण कागद इंग्रजीत असले तर बाबांना मी लागणार होते. वकीलबाईंनी खरेदीखत वाचलं, तारखा बघितल्या आणि विचारलं, "दावा चालू असताना घेतलीत?"

"आम्हाला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले.

"ते इथं चालत नाही," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, डॉक्टर साखर वाढलीय म्हणतात तशा. "घाबरू नका, खरेदी रद्द झालेली नाही. तुमचं खरेदीखत खरं आहे. पण तुम्ही चालत्या एसटीत चढलात. तिकीट खरं, पण गाडी जाईल तिथं तुम्ही जाणार. कोर्ट तुमच्या त्या भावाला जेवढं देईल तेवढंच तुमचं. त्याला काही नाही मिळालं तर तुम्ही म्हणू शकत नाही की आम्ही तर विकत घेतलंय."

मी विचारलं, "पण दावा लावणाऱ्यांनी त्याची नोंद कुठंच केलेली नाही ना? उताऱ्यावर काहीच नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "हुशार आहेस. तो मुद्दा मांडता येतो, त्यावर भांडताही येतं. बरीच वर्षं भांडता येईल. त्यात माझं चालेल, तुमचं घर नाही होणार."

आई एकदम म्हणाली, "मग आमच्या हातात काय हाय काय?"

होतं. ते मला आजही पाठ आहे, कारण मी ते भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं होतं. एक, कोर्टात अर्ज करून आम्ही सांगू शकतो की आम्हालाही ह्या दाव्यात घ्या. काका तारखेला जात नाहीत, उद्या निकाल एकतर्फी लागला तर आमच्या बाजूनं बोलणारं कोणीच नाही, म्हणून हे आधी. आणि दुसरं, वाटप करायची वेळ आली की आम्ही विनंती करू शकतो की काकांचा हिस्सा आम्ही घेतलेल्या बाजूनं मोजा. विनंती, हक्क नव्हे, असं त्या दोनदा म्हणाल्या. "आणि काकांनी स्वतःच्या वाटणीपेक्षा जास्त विकलं असेल, तर तेवढं जाणार. ते मात्र धरून चाला."

बाबांनी विचारलं, "किती जाईल?"

"ते मोजणीत कळेल."

परत येताना आम्ही तिघं तळ्याच्या काठाला बसलो, बाबांना चहा हवा होता. चहा घेताना ते मधेच म्हणाले, "नारळ तिनं उचलला होता ना?" आणि कप तसाच खाली ठेवला. त्यांना आठवलं असावं.

कारण आत्यानं नारळ उचललाच नव्हता. हे आम्हाला पुढच्या रविवारी दासगावला कळलं. बाबांचं म्हणणं होतं की अर्ज होईल तो होईल, आधी माणसाला भेटलं पाहिजे. आत्याचं घर सावित्रीच्या काठाला उतारावर. घराच्या भिंतीवर छातीपर्यंत पुराच्या पाण्याची मळकी रेघ, वरून रंग काढला तरी दिसणारी. आत्या बारीक, उंच, केस पांढरे. आम्हाला बघून म्हणाली, "आलास? मला वाटलंच हुतं, कोणतरी येणार. बसा."

बाबांनी सांगायला सुरुवात केली, गावकी, नारळ, देव. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "मी कुठं हुते तेव्हा, सांग."

"देवळात होतीस की."

"देवळाच्या पायरीवर हुते. बायका आत बसतात काय बैठकीला? नारळ माझ्या नवऱ्यानं उचलला. मला घरी आणून दिला, म्हणाला, मिटवला बघ. मी तो फोडला नाय. फळीवर ठेवला. माझा नाय तो."

आईनं विचारलं, "आहे अजून?"

"पुरात गेला. घरातलं सगळंच तरंगत गेलं, तोबी गेला. दावा तेवढा राहिला. तो वकिलाच्या कपाटात वरच्या खणात हुता, तिथवर पाणी नाय पोचलं."

आई हसली, मग आत्या पण हसली, आणि मला वाटलं झालं, आता सगळं सोपं. बाबांनाही तेच वाटलं असणार. ते म्हणाले, "अक्का, रस्त्याकडची बाजू दादाच्या वाटणीत धर, मागची तू घे. मी जोतं बांधलंय. जोत्याचा मागचा कोपरा तेवढा तुझ्या बाजूला येईल बहुतेक. तेवढा दोन हात सोड. पोरीची खोली हाय तिथं."

आत्यानं चहाचे कप गोळा केले, आत नेले, परत आली. "रस्त्याकडची त्याला घेऊ दे. तुझं घर मोडायला नाय बसले मी. पण सोडणार काय नाय. एक हात पण नाय."

"अक्का, दोन हातानं काय होतंय."

"ह्येच म्हणतात सगळे. थोडं सोड. बापानं म्हटलं, भावानं म्हटलं, नवऱ्यानं तर मला न विचारताच सोडलं. आता तू पोरीचं नाव घेऊन म्हणतोस. मी मोजून घेणार. जेवढं माझं हाय तेवढं, इंच इंच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "राग आला काय गो?"

मी नाही म्हणाले. आला होता. इतका आला होता की परतीच्या गाडीत मी आईशी बोलले नाही, जसं काही आईनंच खोली घेतली.

पुढचं पटपट सांगते कारण ते पटपट झालं नाही आणि सगळं सांगत बसले तर दोन वर्षं जातील. आमचा अर्ज मंजूर झाला, आम्ही दाव्यात आलो. काकांना बाबा स्वतः जीपमध्ये घालून तारखेला न्यायचे, ते वाटेत म्हणायचे, देवाला काय वाटेल. मार्चमधली तारीख पडली की आई म्हणायची, तळ्यावर गर्दी असणार, चालतच जावं लागेल. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, काका, आत्या आणि आम्ही, सगळ्यांच्या सह्या. निम्मी जागा काकांची, ती रस्त्याकडून मोजायची, म्हणजे आमची. निम्मी आत्याची, मागची. सही करताना आत्यानं पदर खोचला, पेन घेतलं आणि हळूहळू आख्खं नाव लिहिलं, माहेरचं धरून. कारकून म्हणाला, एवढं नको, सहीच करा. ती म्हणाली, हीच सही.

मग मोजणी. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते, गेले बघायला. मोजणीदारांनी दोऱ्या लावल्या, खुंट्या ठोकल्या. दोरी रस्त्याकडून सरकत सरकत आली, माजघर ओलांडलं, आईची चूल ओलांडली आणि माझ्या खोलीच्या रेघेवर येऊन थांबली. रेघ तोपर्यंत पावसानं कधीच गेली होती, पण मला माहीत होती. माझी खोली पूर्ण पलीकडे. दोन हात नाही, सगळीच. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी खोलीतून बाहेर आले. दारातून आले, फटीतून, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घर बांधलं गेलं त्याच्या पुढच्या वर्षी, एक खोली कमी करून. मी तोपर्यंत पुण्याला शिकायला गेले होते आणि मला त्या घरात खोलीची तशी गरजही उरली नव्हती. भिंत नेमकी हद्दीवर आली, आणि भिंतीच्या मागं जोत्याचा एक तुकडा आत्याच्या जागेत तसाच राहिला, फणसाखाली, घराला चिकटून आणि घराचा नसलेला. आत्यानं तो काढला नाही. तिच्याकडे तिथं बांधायला बळ नव्हतं. मे महिन्यात दासगावहून यायची, त्याच्यावर कोकमं आणि वाल सुकत घालायची आणि दिवसभर कावळे हाकत बसायची. मला पहिल्यांदा ते बघून कसंतरी झालं. ती म्हणाली, "ये की, तुझ्याच खोलीत ये." मी गेले. वाल बाजूला सारून तिनं जागा केली. ती तिच्या लहानपणच्या घराचं सांगत होती, मी भूमितीचं सांगत होते, दोघी एकमेकींचं फारसं ऐकत नव्हतो. तसल्या दुपारी आता येत नाहीत.

आणि शिमगा. घर झाल्यावरचा पहिला. पालखी आमच्या दारात आली, बाबांनी नवीन शर्ट घातला होता, आईनं ओवाळलं, नाचवणाऱ्यांनी आमच्या घराचं नाव घेतलं. बाबांनी फक्त मान खाली घातली. मी फोनवर शूटिंग करत होते आणि ते सगळं हललेलं आलंय.

पालखी पुढं निघाली तेव्हा घराच्या मागून आवाज आला, "हिकडं बी." आत्या. त्या जोत्याच्या तुकड्यावर उभी, हातात ताट, ताटात दिवा, नारळ, हिरवी साडी. पालखीवाले थांबले. गावकीतले एक मुंबईचे गृहस्थ म्हणाले, "आत्ये, तू हिकडं ये, ह्यांच्या दारात ओवाळ. माहेरवाशीण हायस, मान हाय तुझा."

"मला माझ्या दारात ओवाळायचंय."

"अगो पण घर कुठं हाय तिथं? पालखी घराच्या दारात थांबते. उघड्यावर नाय थांबत."

कोणीतरी हसलं. आत्या हलली नाही. दिव्याच्या ज्योतीला तिनं हाताचा आडोसा केला.

मग बाबा बोलले. माझे बाबा, जे इतकी वर्षं दुसऱ्याच्या ओटीवर उभे राहिले आणि ज्यांनी गावकीत कधी तोंड उघडलं नाही. म्हणाले, "जोतं हाय म्हणजे घर हाय. माझंही तेवढंच होतं."

"बरं, मग दार दाखव. पालखी उतरायची कुठं? चारी बाजूनं उघडंच हाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी स्वतःच रेघा मारल्या होत्या, त्यांना माहीत होतं, पण ते रेघेपाशी थांबलेल्या माणसासारखे नुसते उभे राहिले. मी फोन खिशात टाकला, घराच्या कडेनं मागं गेले, फणसाच्या बुंध्यापासून चार पावलं मोजली आणि उभी राहिले.

म्हणाले, "इथं. दार इथं आहे."